कंपवात आणि भास

"डॉक्टर, मामंजी तिन्हीसांजेला ओसरीवरच्या मुलांना हाका मारतात. तिथं तर कुणीच नसतं. बाहेरचं काही असेल का?" एका सूनबाईंनी दबक्या आवाजात विचारले. सासरे निवृत्त शिक्षक, सात वर्षांपासून कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे रुग्ण. बाहेरचे काही नव्हते. दुखणे मेंदूचेच होते.

कंपवातात मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते. हात थरथरतात, अंग ताठरते, चाल मंदावते. आजार जुना झाला की बऱ्याच रुग्णांना माणसे, मुले, जनावरे दिसू लागतात, विशेषतः मंद उजेडात. सुरुवातीला हा भास आहे हे त्यांना कळते. पुढे कळेनासे होते आणि जेवणात विष घातल्याचा, घरात चोर शिरल्याचा संशय सुरू होतो. दोष काहीसा आजाराचा, काहीसा औषधांचा. डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधेच भास वाढवू शकतात.

अशा वेळी मनोविकारावरची नेहमीची गोळी देण्याचा मोह होतो. हॅलोपेरिडॉल डोपामिनचीच वाट अडवते. भास कमी होतीलही, पण रुग्ण लाकडासारखा ताठ होतो, घास गिळता येत नाही. ही चूक तरुणपणी माझ्याही हातून झाली आहे. रिस्पेरिडोन, ओलान्झापिनही टाळावीत. आणि दुकानातून परस्पर आणलेल्या उलटी-चक्करच्या गोळ्या? मेटोक्लोप्रमाइड व प्रोक्लोरपेराझिनही असाच घात करतात.

आधी लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे हे तपासावे. मग डॉक्टरांनी ट्रायहेक्सीफेनिडिल, अमँटाडिन, प्रामिपेक्सोल ही औषधे हळूहळू कमी करावीत. लेव्होडोपाला सर्वांत शेवटी हात लावावा. नातेवाइकांनी ती एकदम बंद केली तर तीव्र ताप व ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

एवढे करूनही भास त्रास देत असतील तर क्वेटायापिन रात्री १२.५ ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. क्लोझापिनचा गुण अधिक खात्रीचा, तोही ६.२५ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेत. पण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. डोपामिनला न अडवणाऱ्या पिमाव्हॅन्सेरिनला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या वर्गातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून मात्रा कमीत कमी ठेवून वेळोवेळी फेरविचार करावा.

गुरुजींच्या लघवीत जंतुसंसर्ग सापडला. तो बरा केला, ट्रायहेक्सीफेनिडिल हळूहळू थांबवली, रात्री क्वेटायापिनची छोटी गोळी दिली. सूनबाई आता ओसरीवरचा दिवा लवकर लावतात. मुले अधूनमधून येतात. गुरुजी हसून म्हणतात, "आज एकच हजर."