आटणे, आवळणे, अरुंद होणे

प्रश्न : धुतल्यावर कुर्ता आटला, हे सांगताना मी 'टाइटन' म्हणाले आणि मुलगी हसली. 'श्रिंक', 'नॅरो', 'टाइटन' यांत फरक काय?

उत्तर : कुर्ता आटला, म्हणजे आकाराने लहान झाला. तिथे 'श्रिंक'च हवे. याचा भूतकाळ 'श्रँक', पण 'हॅज'नंतर 'श्रंक'. बोलीभाषेत भूतकाळालाही 'श्रंक' चालते. 1989च्या 'हनी, आय श्रंक द किड्स' या चित्रपटाच्या नावातही तेच आहे. 'श्रंकन' मात्र विशेषण : आटलेला.

'टाइटन' म्हणजे आवळणे : स्क्रू, पट्टा, नियमसुद्धा. 'नॅरो'त फक्त रुंदी घटते. पुलाजवळ रस्ता 'नॅरो' होतो, लांबी तेवढीच राहते. दोन उमेदवारांमधले मतांचे अंतरही 'नॅरो' होते.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. थंड होताना धातू आकुंचन पावतो, तिथे 'काँट्रॅक्ट'. द्राक्षाचा बेदाणा होताना साल सुरकुतते, तिथे 'श्रिव्हल'.

आणि सैल कुर्ता शिंप्याकडून फिटिंगचा करून घेतलात, तर यांपैकी एकही नाही. त्याला 'टेक इन' म्हणतात. आता हसण्याची पाळी तुमची!