आधी नळीचं टोपण बघा

सासूबाईंची उपाशीपोटीची शुगर कधी ११८, कधी १२४. रिपोर्ट देताना लॅबचा पोरगा म्हणायचा, "वहिनी, आज्जी एकदम फिट!" आणि इकडे त्यांच्या पायाची जखम भरता भरत नव्हती, रात्री लघवीला उठणं थांबत नव्हतं. बोलणी मात्र मला. मीच त्यांना गोडधोड देते म्हणे! डॉक्टरांनी तर हे आकडे बघून गोळी कमी केली होती.

तीन महिन्यांची शुगर ९ आली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ९ म्हणजे सरासरी दोनशेच्या वर. मग उपाशीपोटी ११८ कुठून? पोरगा म्हणाला, "अशक्तपणामुळे येतं तसं." रक्त कमी असलं की तीन महिन्यांचा हा आकडा फसवू शकतो हे खरं, पण सासूबाईंचं हिमोग्लोबिन चांगलं होतं.

पुढच्या वेळी आशाताईंना मुद्दाम बोलावलं. पोरगा दंडातून रक्त काढत होता, त्याच वेळी त्यांनी ग्लुकोमीटरवर बोटातलं तपासलं. १९२! संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला, १३१. ग्लुकोमीटरमध्ये पंधरा टक्के इकडेतिकडे धरतात, पण एवढं?

सकाळी त्याची पिशवी मी नीट बघितली होती. मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेली कापडी पिशवी, माणदेशातलं एप्रिलचं ऊन, बर्फाचा पत्ता नाही. सासूबाईंचं रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत. इथून तो वाड्यावस्त्या करत दुपारी तालुक्याला पोचायचा. नळीतल्या रक्तपेशी साखर खातच राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर उतरते, उन्हात त्याहून जास्त. म्हणून तर शुगरसाठी फ्लोराइडची, करड्या टोपणाची नळी असते. लॅब चालवणाऱ्याला हे माहीत नसेल? फोन केला तर मालक म्हणतात, "मशीन चुकत नाही. गावाकडच्या बायकांनी नळ्यांच्या रंगात कशाला पडायचं?" हे वाक्य मी विसरणार नाही. घरी येण्याचे वेगळे पैसे घेताना गाव आडवं येत नव्हतं.

सगळे कागद डॉक्टरांपुढे ठेवले तेव्हा त्यांनी गोळी पूर्ववत केली. जखम आता भरत आलीय.

तर घरी रक्त घ्यायला कुणी आलं की आधी टोपण बघा. शुगरला करडं, तीन महिन्यांच्या तपासणीला जांभळं. करडी नळी रक्त घेतल्याबरोबर सात-आठ वेळा हलकेच उलटीसुलटी करायला लावा, नाहीतर आतलं औषध रक्तात मिसळत नाही. तिच्यातही सुरुवातीला साखर थोडी उतरतेच, म्हणून बर्फाचा डबा हवाच. फेरीत आपलं घर शेवटी घ्यायला सांगा. पण गोळ्या-इन्सुलिनवरच्या म्हाताऱ्या माणसाला त्यापायी दुपारपर्यंत उपाशी ठेवू नका.

घरी मशीन असेल तर हात साबणाने धुऊन कोरडे करा. गूळ नाहीतर केळं हाताळलेल्या बोटातून शुगर उगाच जास्त दिसते. बोट दाबून पिळू नका. पट्ट्यांची मुदत बघा, डबीचं झाकण घट्ट लावा. चालणं, पथ्यपाणी हे सगळे सांगतातच. उपकेंद्रात तिशीपुढच्यांची शुगर फुकट तपासतात, तिथे जायला कमीपणा मानू नका.

आणि रिपोर्टवर रक्त काढल्याची आणि तपासल्याची, दोन्ही वेळा छापून मागा. आमच्या कागदांवर नुसती छपाईची वेळ असायची. लॅबवाले कुरकुर करतील, करू द्या. वेळा दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.