जागच्या जागी सायकल

भातसानगरच्या वसाहतीतून आमच्या महाविद्यालयात सायकलने येणारा एक विद्यार्थी आहे. शहापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जुलै-ऑगस्टमधल्या या प्रवासाचे वर्णन करून सांगायला नको. त्याला सायकल-शर्यतींचा नाद. पावसाळ्यात सराव बुडू नये म्हणून त्याने नाशिकच्या एका नातेवाइकाकडून ‘रोलर’ आणले. नाशिकला हे वेड चांगलेच आहे. तिथल्याच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली होती.

रोलर आल्यानंतर आठवड्याभरातच हा मुलगा मला वर्गाबाहेर गाठून म्हणाला, “सर, तुम्ही शिकवलंत की फिरत्या चाकांमुळे सायकलचा तोल राहतो. भोवऱ्यासारखा. मग रोलरवर माझी चाकं रस्त्यावर फिरतात तेवढ्याच वेगानं फिरतात, तरी मी पडतो. असं का?”

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. “रविवारी येतो,” असे सांगून मी वेळ मारून नेली.

रोलर म्हणजे काय, ते आधी पाहू. पोळ्या लाटायच्या लाटण्यासारखे, पण पोकळ व बरेच मोठे असे तीन दंडगोल एका लोखंडी चौकटीत आडवे बसवलेले असतात. दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या चाकाखाली. आपण पायडल मारले की मागचे चाक आपल्या खालचे दंडगोल फिरवते. त्यांपैकी एका दंडगोलावरून एक पट्टा पुढच्या दंडगोलाकडे गेलेला असतो, त्यामुळे पुढचे चाकही तितक्याच वेगाने फिरते. सायकलला कुठेही पकडलेले नसते. ती पुढे जात नाही, पण आडवी पडायला पूर्ण मोकळी असते.

रविवारी मी बसलो. त्या मुलाने रोलर दाराच्या चौकटीत मांडले होते, म्हणजे तोल गेला तर खांदा चौकटीला टेकावा. ही युक्ती उत्तम आहे. मी पंचवीस वर्षे सायकल चालवतो आहे, पण पहिल्या तीन प्रयत्नांत माझा खांदा दर वेळी दोन-तीन सेकंदांत चौकटीवर आदळला. चौथ्या वेळी मी चौकटीचा आधार घेऊनच चालवत राहिलो आणि पुढच्या चाकाकडे पाहू लागलो. तेव्हा लक्षात आले, की माझे हँडल सारखे डावी-उजवीकडे हलते आहे आणि चाक दंडगोलावर इकडून तिकडे सरकते आहे.

इथे उत्तराचा धागा सापडतो. तुम्ही दोन हात लांबीची काठी तळहातावर उभी धरून पाहिली असेल. काठी डावीकडे कलली की तुम्ही तळहात डावीकडे नेता, म्हणजे काठीच्या गुरुत्वमध्याखाली पुन्हा आधार येतो. सायकलस्वार हेच करतो. त्याचा तळहात म्हणजे सायकलची चाके. अंग डावीकडे कलले, की तो हँडल किंचित डावीकडे वळवतो आणि चाके धावत जाऊन कललेल्या शरीराखाली येतात. हे इतके नकळत घडते, की आयुष्यभर सायकल चालवूनही आपण ते पाहिलेले नसते.

मग त्यासाठी सायकल पुढे जायला हवी ना? नाही. चाक आणि खालची जमीन यांच्यामध्ये सापेक्ष वेग हवा. चाक जमिनीवरून पुढे जावो, की जमीन चाकाखालून मागे सरको, थोड्या वळवलेल्या चाकाला दोन्ही सारखेच. रोलरवर दंडगोलाचा पृष्ठभाग मागे सरकतो आणि वळवलेले चाक त्यावरून आडवे चढत जाते.

आता आकडे घेऊ. सायकल कललेली असूनही पडत नाही, तेव्हा कलाचा टॅन्जेंट = वेगाचा वर्ग ÷ (वळणाची त्रिज्या × ९.८). वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर घ्या आणि कल फक्त १ अंश. त्रिज्या सुमारे १४६ मीटर येते. दोन चाकांच्या आसांमधील अंतर १ मीटर धरले, तर इतक्या मोठ्या वळणासाठी हँडल अवघे ०.४ अंश वळवावे लागते आणि पुढचे चाक सेकंदाला सुमारे साडेतीन सेंटिमीटर वेगाने आडवे सरकते. आता वेग निम्मा करा. हँडल चौपट, म्हणजे १.६ अंश वळवावे लागते आणि चाकाचा आडवा वेग दुप्पट, सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर होतो. हा हिशेब केवळ कल वाढू न देण्याचा झाला. सरळ उभे व्हायचे तर याहून जास्त वळवावे लागते. रस्त्यावर वीतभर इकडेतिकडे झाले तर कोणाला कळतही नाही. दंडगोल मात्र जेमतेम हात-सव्वा हात रुंद. म्हणजे नवख्या माणसाचा तोल रोलरवर बिघडतो असे नाही. तो रस्त्यावरही तितकाच वाकडातिकडा जात असतो, रोलर ते उघडे पाडतो. आणि भीतीने सावकाश चालवणारा तर हमखास पडतो.

भोवऱ्याचे काय? पुढच्या दंडगोलाचा पट्टा काढला तर पुढचे चाक थांबते आणि स्वार लगेच पडतो. पण यावरून काहीच ठरत नाही, कारण चाकाचे फिरणे आणि त्याचे आडवे सरकणे दोन्ही एकदम बंद झाले. म्हणून आम्ही दुसरा प्रयोग केला. पट्टा जागेवर ठेवला, पण हँडल सरळ ठेवून दोरीने सायकलच्या दांडीला आवळून बांधले. दोन मित्रांनी दोन्ही बाजूंनी धरले, मुलाने जोरात पायडल मारले, चाके सूं सूं फिरू लागली. मित्रांनी हात सोडताच सायकल कलली ती कललीच. त्यांनी लगेच पुन्हा पकडली. चाके फिरत होती, पण हँडल वळत नव्हते. (हा प्रयोग रस्त्यावर कधीही करू नये आणि रोलरवरही दोन्ही बाजूंना धरायला माणसे असल्याशिवाय करू नये.)

मी वर्गात सांगितलेले चुकीचे होते, हे दुसऱ्या दिवशी मी वर्गातच कबूल केले. इंग्लंडमधील डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली सायकलला एक जादा चाक उलट दिशेने फिरणारे लावून भोवऱ्याचा परिणाम नाहीसा केला होता. तरी ती सायकल सहज चालवता आली. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट व कॉर्नेल येथील संशोधकांनी हा परिणाम नसलेली, स्वाराशिवाय ढकलून दिली तरी आपोआप सरळ राहणारी छोटी सायकल बनवून दाखवली. फिरत्या चाकाचा उपयोग अगदीच नाही असे नव्हे. सायकल कलली की ते पुढच्या चाकाला त्याच बाजूला वळायला थोडी मदत करते. पण तोल सावरतो तो वळण्यामुळे.

रोलरवर बसणाऱ्या प्रत्येकाला आणखी एक भीती असते. चाक दंडगोलावरून घसरले तर सायकल सुसाट जाऊन समोरच्या भिंतीवर आदळेल! हेही मोजून पाहू. स्वारासह सायकलचे वस्तुमान ६५ किलोग्रॅम समजा. रस्त्यावर सेकंदाला ५ मीटर वेगाने तिची गतिज ऊर्जा सुमारे ८१२ ज्यूल. रोलरवर फक्त चाके आणि दंडगोल फिरतात. दोन्ही चाकांच्या कडांचे मिळून ३ किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर चाकांजवळ जेमतेम ३७.५ ज्यूल असतात. पायडल थांबवून ही चाके फरशीवर टेकली, तर संवेगाच्या हिशेबाने सायकलला मिळणारा वेग ५ × ३ ÷ ६८, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ सेंटिमीटर. मुंगीपेक्षा जास्त, पण चालणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी कमी. (घाबरून पायडल मारतच राहिलात तर मात्र हा हिशेब लागू नाही.) खरा धोका आडवे पडण्याचा, भिंतीचा नव्हे. ऊर्जेचा साठा इतका थोडा असल्यामुळेच रोलरवर पायडल थांबवले की चाके चटकन मंदावतात आणि मंदावली की वर पाहिल्याप्रमाणे तोल अवघड होतो.

तो मुलगा आता चौकटीबाहेर, अंगणाच्या पडवीत, अर्धा-अर्धा तास चालवतो. चाकाकडे न पाहता समोरच्या खांबाकडे पाहतो. मला मात्र एक गोष्ट अजून जमत नाही. चाक उजव्या कडेला गेले, की मी घाईने हँडल डावीकडे वळवतो. चाके डावीकडे निघून जातात आणि अंग उजवीकडे पडते. डावीकडे यायचे तर अंग आधी डावीकडे कलायला हवे आणि त्यासाठी चाके क्षणभर उजवीकडे, म्हणजे कडेच्याच दिशेने, न्यावी लागतात. कडेवर पोचल्यावर तिथे जागाच उरलेली नसते.

तुमच्याकडे रोलर नसला तरी पाऊस आहे. डबक्यातून सायकल नेऊन कोरड्या सिमेंटच्या अंगणात सरळ चालवा. ओल्या चाकांच्या दोन रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या दिसतील. त्यांपैकी अधिक नागमोडी रेघ पुढच्या चाकाची की मागच्या? आणि तेच अंतर निम्म्या वेगाने गेलात तर?