बबडी, दोन्ही हवंय तर आधी अकरावी

भवानी पेठ, सोलापूर
१५ जून २०२५

चि. बबडीस,

ताईचा फोन आला होता. घरात दोन तट पडलेत म्हणे. दाजींच्या मनात तुझा सिव्हिलचा डिप्लोमा, आणि तू लष्करात अधिकारी व्हायचं म्हणून हटून बसलीस. मी स्वतः डिप्लोमावाला, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला. तेव्हा मी आपल्याच बाजूनं बोलणार असं दाजींनी धरलं असेल. तरी सांगतो, तू अकरावी सायन्स घे, गणितासकट.

डिप्लोमा हलका म्हणून नव्हे. साइटवर लेव्हल लावणारा, सळई मोजणारा, स्लॅब ओतायच्या आधी सेंट्रिंगखाली वाकून बघणारा माणूस बहुतेक वेळा डिप्लोमावालाच असतो. साहेब ड्रॉइंग बघून, चहा पिऊन जातात. पण तुझा हिशेब वेगळा. एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, बारावी लागते आणि वय साडेसोळा ते साडेएकोणीस. डिप्लोमाला गेलीस तर ते दार तू आपल्या हातानं लावून घेशील. वर्षंही वाचत नाहीत. अकरावी-बारावीची दोन आणि बीईची चार मिळून सहा. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पुढची तीन, तीही सहाच. फरक एवढाच की डिप्लोमानंतर तिसऱ्या वर्षी हातात कमाई येऊ शकते. दाजींचं म्हणणं ते आहे, आणि ते खोटं नाही. त्यावर पुढे बोलतो.

लष्कर एकीकडे आणि सिव्हिल दुसरीकडे असं तुम्ही दोघंही धरून चाललात. राम राघोबा राणे हे नाव शाळेत ऐकलं असशील. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली साधे शिपाई म्हणून भरती झाले, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये लष्कराच्या इंजिनिअर दलात, बॉम्बे सॅपर्समध्ये, सेकंड लेफ्टनंट होते. काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, चीडाची झाडं तोडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या. ८ ते ११ एप्रिल, मांडीला जखम झालेली असताना, हा माणूस सुरुंग काढत आणि वळणरस्ते करत रणगाडे पुढे नेत राहिला. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. आता त्यांचं काम बघ: अडथळा हटवायचा, मोरी उडाली तर बाजूनं वाट काढायची, वजन पेलेल एवढी जमीन पक्की करायची. आमच्या खात्यातही हेच करतात, फक्त तिथं कोणी गोळ्या झाडत नाही. (बिलासाठी मागे लागणारे कंत्राटदार सोडून दे.)

राणे फार जुने वाटत असतील तर मेजर सीता शेळके घे. पारनेर तालुक्यातलं गाडीलगाव त्यांचं. २०२४ च्या जुलैअखेर वायनाडमध्ये दरड कोसळली, चूरलमलाचा पूल वाहून गेला, आणि मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी १९० फुटांचा बेली पूल उभा केला. त्या तुकडीत त्या होत्या. गंमत अशी की त्यांची पदवी सिव्हिलची नाही, मेकॅनिकलची, लोणीच्या प्रवरा कॉलेजातली. तेव्हा शाखेचा फार बाऊ करू नकोस.

तुला वाटा दोन. पहिली एनडीए. मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, गेल्याच महिन्यात, ३० मेला खडकवासल्यातून बाहेर पडली. लेखी परीक्षेत गणित ३०० गुणांचं आणि सामान्य क्षमता ६०० गुणांची. मग सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची (एसएसबी) मुलाखत आणखी ९०० ची. तिथं लष्कराच्या कॅडेटला बीए किंवा बीएस्सी मिळते, बीई नाही. पुढे लष्कराच्या इंजिनिअर दलात गेलीस तर इंजिनिअरिंगचं शिक्षण दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये होतं. मुलींच्या जागा मोजक्या, म्हणून सगळा भरवसा तिच्यावर ठेवू नकोस.

दुसरी वाट मला तुझ्यासाठी जास्त भरवशाची वाटते. आधी सिव्हिलची बीई, मग लष्कराची शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एन्ट्री. तिला लेखी परीक्षा नाही. इंजिनिअरिंगच्या गुणांवर नावं निवडतात आणि एसएसबीला बोलावतात. म्हणजे एखादा विषय मागे राहून केटी लागली की ती इथं नडते. कॉलेजात एनसीसी घे आणि ‘सी’ सर्टिफिकेटपर्यंत टिकून राहा. त्यावर वेगळी स्पेशल एन्ट्री आहे, तिलाही लेखी नाही.

एसएसबी पाच दिवस चालते. मैदानावर फट्टा, बल्ली आणि दोर देतात आणि गटानं अडथळा ओलांडायला सांगतात. फळी कुठे टेकवायची, किती बाहेर काढायची, कोणाचं वजन मागं ठेवायचं, हे ज्यानं साइटवर परांची बांधताना पाहिलं त्याला चटकन उमगतं. वर्दीतले फोटो छापून चौकाचौकात फ्लेक्स लावणाऱ्या अकॅडम्यांवर पैसे घालण्याआधी दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. माझ्या ओळखीच्या एका साइटवर तुला चार दिवस उभी करतो. लेव्हलमधून स्टाफ वाचायला शीक, काँक्रीटचे क्यूब कसे भरतात ते बघ. १५ सेंटिमीटरचा तो ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून मग मशीनखाली फोडतात. मुकादमाशी बोलायलाही शीक. तुझ्याहून दुप्पट वयाच्या माणसाकडून काम करून घेणं पुस्तकात येत नाही, आणि अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून तेच करावं लागतं.

यातलं काहीच जमलं नाही तर? तर तू सिव्हिलची इंजिनिअर असशील. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस (एमईएस) ज्युनिअर इंजिनिअर घेते, तेही काम लष्कराचंच. आणि जिथं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत आलं त्या आपल्या सोलापुरालाही इंजिनिअर हवेच आहेत.

आता दाजींचा पैशाचा मुद्दा. एनडीएतलं शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं होतं. बीई करून ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीला (ओटीए) गेलीस तर प्रशिक्षणातच महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. मधल्या चार वर्षांच्या फीचं मात्र बघावं लागेल. त्यासाठी मी आणि ताई बोललो आहोत. दाजींना पत्र वाचून दाखवशील तेव्हा हा परिच्छेद सगळ्यात आधी वाच.

तुझा,
मामा