होडी बाहेर काढायची परवानगी

३८० युरो मी भरले, पण शेजाऱ्यांच्या पांढऱ्या बोटीवरचा ओरखडा माझ्या होडीने पाडलेला नाही. हे आधी सांगते, कारण आमच्या रस्त्यावर गोष्ट निराळीच फिरते आहे. ओरखडा आदल्या ऑगस्टपासून तिथे होता. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत, केकच्या मागे, स्वच्छ दिसतो. दुर्दैवाने तो फोटो सापडला पैसे भरून तीन आठवडे झाल्यावर. म्हणून पहिला सल्ला इथेच देऊन टाकते. दुसऱ्याच्या श्टेगवर, म्हणजे काठावरच्या लाकडी धक्क्यावर, होडी न्यायच्या आधी तिथल्या खांबांचे, फळ्यांचे, शिडीचे आणि शेजारी बांधलेल्या प्रत्येक बोटीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. संकोच वाटतो, पण काढा.

माझी होडी म्हणजे साडेचार मीटरची जुनी कयाक. तिला छोटं शीड, पायाने चालवायचं सुकाणू, आणि वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून बाजूने पाण्यात सोडायची एक लाकडी पाटी. मी मालवणची. आजोबांच्या उलांडीच्या होडीत बसून वाढलेली. बर्लिनला आल्यावर अकरा वर्षं पाणी नुसतं ट्रामच्या खिडकीतून पाहिलं, आणि मग वेन्डनश्लॉसला, ६२ नंबरच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ घर मिळालं. अंगणाच्या टोकाला डामे नदी, समोरच्या काठाला ग्र्यूनाउ. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती पहिल्यांदा आल्या त्या याच पाण्यावर, नदीच्या लांगर झे नावाच्या रुंद भागावर. त्या वर्षी घडीच्या कापडी कयाकची दहा हजार मीटरची शर्यतही इथेच झाली, ती पुढे कुठल्याच ऑलिंपिकमध्ये झाली नाही. तसल्याच घडीच्या कयाकला शीड लावून हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ मध्ये ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. हे सगळं मी वाचलं होतं, मुलाला सांगितलं होतं. लिंडेमानच्या चहूबाजूंना मोकळं पाणी होतं, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही. लहान होडीला मोकळ्या पाण्यात फारसं काही होत नाही. तिला होतं ते काठाशी, शेवटच्या तीन मीटरांत.

श्टेग दोन घरांत सामाईक. आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "वापरा की, पाणी काय माझ्या एकटीचं आहे?" शेजारच्या गृहस्थांना मी कुंपणाशी उभं राहून विचारलं, तर त्यांनी मान हलवली. तो मी होकार धरला. या देशात अकरा वर्षं काढून, घराच्या तळघरातल्या सायकलच्या जागेलाही सही लागते हे माहीत असून, मी मान हलवण्यावर विसंबले. आणि विचारलं काय होतं? "इथून होडी पाण्यात घालू का?" बाहेर काढू का, हे विचारलंच नाही. पाण्यात घालायची वेळ आपण ठरवतो. सकाळची, वारा पडलेला असताना, नवरा दुसरं टोक धरायला हाताशी असताना. बाहेर काढायची वेळ वारा ठरवतो, आणि तेव्हा श्टेगवर कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं. परवानगी मागाल तर दोन्हींची मागा, श्टेग ज्यांचा ज्यांचा आहे त्या सगळ्यांकडून मागा, आणि कागदावर घ्या. परतताना शेजारच्या बोटीला हात लावावा लागला तर चालेल का, एवढंसुद्धा त्यात लिहून घ्या.

तो हिमेलफार्टचा गुरुवार होता. मे महिन्यातल्या या सुटीला जर्मनीत बापमंडळी बिअर घेऊन बाहेर पडतात, आणि बर्लिनमध्ये त्यातली निम्मी पाण्यावर असावीत असं वाटतं. २०१२ पासून १५ अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाला इथे परवाना लागत नाही. त्यामुळे भाड्याचे तराफे, त्यावर गाणी, आणि सुकाणूवर आयुष्यात पहिल्यांदा बसलेला माणूस. त्या दिवशी लहान होडी घेऊन जाऊच नका. मी गेले, कारण सकाळी नऊला पाणी काचेसारखं होतं.

दुपारी पश्चिमेचा वारा उठला. वेन्डनश्लॉसचा काठ पूर्वेचा. म्हणजे आमचा श्टेग वाऱ्याच्या तोंडावर, आणि मी वाऱ्याबरोबर, शीड वर ठेवून, थेट त्याच्यावर चाललेली. शीड लांबच उतरवायला हवं होतं. मी वीसेक मीटरवर दामण, म्हणजे शिडाचा दोर, मोकळी सोडली. शीड फडफडलं, पण होडी थांबली नाही. वारा नुसत्या डोलकाठीलाही ढकलत होता. तेवढ्यात मागून एका तराफ्याची लाट आली. होडीचं नाक श्टेगच्या फळ्यांखाली गेलं, डोलकाठी फळीला अडली, होडी आडवी फिरली, बाजूची पाटी शिडीच्या पायरीत अडकली आणि दुसरी लाट आत आली. मी पाण्यात. एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला खांब, डोक्यावर फळ्या.

खांब धरला तर हात कापला. इथल्या पाण्यात खांबांना चिमुकले तिकोनी शिंपले चिकटलेले असतात, पट्टेपट्टे असलेले, कडा ब्लेडसारख्या. उजव्या तळव्यावर तीन ओळी उठल्या, अजून आहेत. पाणी मे महिन्यातलं, श्वास छातीत अडकवणारं. जीवरक्षक जाकीट होतं, आणि त्यानेच मला फळ्यांखाली तरंगत अडकवून ठेवलं होतं. फळ्यांच्या मधल्या बोटभर फटींतून आभाळ दिसत होतं. आणि दोन तळवे. करड्या रबरी चपलांचे. एका टाचेला झिजून भोक पडलेलं, त्यात वाळू अडकलेली. इतकं जवळून.

मी ओरडले, "बिट्टे, हेल्फन झी मिअर!" म्हणजे, कृपया मदत करा. तळवे हलले नाहीत. मग फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. मग ते बोलले, "ती काठी आधी माझ्या बोटीपासून लांब करा."

कुंपणापलीकडून हललेल्या त्या मानेचा अर्थ मला तेव्हा कळला.

मला बाहेर काढलं पलीकडच्या बागेतल्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने. ती धावत आली, फळ्यांवर पालथी पडली, खाली हात घालून माझ्या जाकिटाचा खांद्याचा पट्टा धरला आणि मला खांबाच्या पलीकडे ओढलं. तिने काही विचारलं नाही. मालवणात होडी काठाला लागताना दिसली की ओळख असो नसो, चार माणसं गुडघाभर पाण्यात शिरतात. कोणाची होडी, ते ओढून झाल्यावर विचारतात. मला वाटायचं, ही रीत आमच्याकडचीच. त्या मुलीला ती कोणी शिकवली माहीत नाही, पण तिच्या शेजारीच उभ्या असलेल्या साठीच्या माणसाला ती ठाऊक नव्हती.

नंतर एका वकील मैत्रिणीने सांगितलं की जर्मन दंडसंहितेचं कलम ३२३ सी नेमकं याचसाठी आहे. अपघातात शक्य असूनही मदत न करणं हा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मी तक्रार केली नाही. शेजार आहे, मुलगा त्याच रस्त्याने शाळेत जातो. तक्रार त्यांनी केली. होडीवर नाव नाही, असं जलपोलिसांना कळवलं. आलेल्या अधिकाऱ्याने पाहिलं, तर दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटरच्या रोमन अक्षरांत 'सुरंगी', आणि आत माझं नाव-पत्ता. कयाकला इथे सरकारी नंबर लागत नाही, पण एवढं लागतंच. तुमच्या होडीवर नसेल तर आजच लिहा. तेवढ्या एका गोष्टीवर त्या महिन्यात माझी मान ताठ राहिली.

मग पत्र आलं. फोटो जोडलेले, माझ्या हाताने खांब धरलेला, डोलकाठी त्यांच्या बोटीच्या दिशेला. मागणी होती ओरखड्याच्या पॉलिशची आणि एका नव्या फेन्डरची, म्हणजे बोटीला धक्का लागू नये म्हणून लटकवायच्या उशीची. मी निर्धास्त होते, कारण हाफ्टफ्लिश्ट विमा, म्हणजे आपल्या हातून झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीचा, पहिल्या महिन्यापासून भरते आहे. विमावाल्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. वल्ह्याची होडी पॉलिसीत बसते, शिडाची बसत नाही. शीड त्या क्षणी गुंडाळलेलं असतं तरी उत्तर तेच असतं, कारण होडीला शीड लावायची सोय आहे. म्हणून कयाकला शीड लावणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आपली पॉलिसी बाहेर काढा आणि तिच्यात 'शिडाची बोट' हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर विमा कंपनीला होडीची लांबी आणि शिडाचं क्षेत्रफळ कळवून लेखी उत्तर मागा. बर्लिनच्या काही पाण्यांवर ठरावीक मापापेक्षा मोठ्या शिडाला परवानाही लागतो, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता पाण्यातलं. शीड धक्क्यापासून निदान पन्नास मीटरवर पूर्ण उतरवा आणि गुंडाळून बांधा. बाजूची पाटी वर घ्या. डोलकाठी काढता येत असेल तर काढून आत आडवी ठेवा. श्टेगवर उभं राहून डोलकाठी चढवण्याची चूकही करू नका. होडी पाण्यात, दोन्ही टोकं बांधलेली, आणि मग काठी. श्टेगजवळ येताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून या, म्हणजे वल्हं थांबवलं की होडीही थांबते. वारा श्टेगवरच आदळत असेल तर श्टेगवर जाऊच नका. पश्चिमेचा वारा असला की ग्र्यूनाउच्या बाजूला झाडांची आड मिळते. तिथे जायचं, शांतपणे सगळं आवरायचं, मग जमलं तर वल्हवत परत, नाही तर होडी तिथेच ठेवून नदी ओलांडणारी एफ १२ ही फेरीबोट पकडायची. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. घर समोर दिसत होतं.

फळ्यांची उंची मोजा. आमचा श्टेग पाण्यापासून सत्तर सेंटिमीटर वर. कयाकमध्ये तुम्ही पाण्याच्या पातळीलाच बसलेले असता, म्हणजे छातीच्या उंचीवर चढायचं. क्लबांचे कयाकसाठीचे श्टेग वीतभर उंचीचे असतात, ते उगाच नाही. शिडी असेल तर तिची खालची पायरी पाण्यात कुठवर जाते ते कोरडेपणी पाहून घ्या. हातमोजे घाला, शिंपल्यांसाठी. हवेचा नव्हे, पाण्याचा गारठा बघून कपडे घाला.

आणि भरलेली होडी उचलायला जाऊ नका. लिटरला एक किलो. बसायच्या जागेत पाणी भरलं की सहज दीडशे किलो होतं. माझा नवरा धावत आला आणि त्याने ती उचलायचा प्रयत्न केला. त्याची कंबर पुढे दीड महिना धरली होती. होडी पाण्यातच ठेवून हातपंपाने उपसायची, किंवा उथळात नेऊन एका अंगावर कलंडवून हळूहळू रिकामी करायची. पुढच्या आणि मागच्या टोकात हवेच्या पिशव्या भरून ठेवल्या तर मुळात पाणी कमी शिरतं. माझ्याकडे एकच होती, मागची. फळ्यांच्या कडेला जुन्या सतरंजीचा तुकडा टाकला की होडी ओढताना तिचा तळ खरवडत नाही. दोर मनगटाला गुंडाळू नका. एकट्याने जाऊ नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. निघताना घरी वेळ सांगा. फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत गळ्यात असू द्या, ११२ लावता येईल असा.

श्टेग वापरायची मुभा घरमालकीणबाईंनी मागे घेतली. त्यांच्यावर राग नाही, त्यांनाही त्या गृहस्थांबरोबर तिथेच राहायचं आहे. यंदा एप्रिलमध्ये मी ग्र्यूनाउच्या बाजूच्या एका क्लबात नाव घातलं. परवा पुन्हा तसाच पश्चिमेचा वारा होता. होडी क्लबात आवरली आणि ओल्या कपड्यांनीच फेरीबोटीत बसले. वेन्डनश्लॉसचा काठ जवळ आला तसा आमचा जुना श्टेग दिसला. ती पांढरी बोट तिथेच होती, ओरखड्यासकट, पॉलिश न केलेली. आणि माझ्या पैशांचा नवा फेन्डर खांबाला लटकत होता, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही न काढलेला.