तेलाचा डाग, गळतीचा माग

बाळा, हौसेनं जुनी कॉन्टेसा गाडी बेळगावच्या टिळकवाडीत आणलीस आणि एसी गार होईना म्हणून तोंड पाडून बसलायस होय? एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी निसटतोय. म्हणून आधी भोक, मग भरणा. आता बैस आणि ऐक.

१. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड, कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरचं तोंड निरखून बघ — गॅसबरोबर तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, तीच तुला गळतीची जागा दाखवते.

२. उरलेला गॅस हवेत सोडू नकोस, तो ओढून घेणारं मशीन असेल तिथं गाडी ने — जुना आर-१२ ओझोनचा थर खातो, म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याला बाद केलं.

३. डाग सापडला नाही तर रेग्युलेटर लावून नायट्रोजन भर आणि साबणाचं पाणी फिरव — कॉम्प्रेसरची साधी हवा भरलीस तर तिच्यातली ओलही आत जाईल.

४. जोड सोडवताना एक पाना धरायला, एक फिरवायला — नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते आणि एका गळतीच्या दोन होतात.

५. खोललेल्या नळीला लगेच टोपण लाव, आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच — ओल तेलात मिसळली की आम्ल होतं. उघडी नळी, कॉम्प्रेसरचा बळी.

६. ओ-रिंग नव्या घाल, त्यांना एसीचं तेल लाव, आणि ड्रायरही बदल — एकदा हवा लागलेला ड्रायर पुढे ओल शोषत नाही.

७. आर-१२ ऐवजी आर-१३४ए भरणार असशील तर त्याला चालणारंच तेल घाल — जुनं मिनरल तेल त्यात मिसळत नाही, मग कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. गॅसही वजन करूनच भर, आर-१२ च्या मापाच्या ८० ते ८५ टक्के पुरे.

८. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पाऊण तास चालू दे, मग पंप बंद करून काटा हलतो का बघ. काटा २७ इंचांच्या आसपास थांबला तर घाबरू नकोस — बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, इथं हवेचा दाबच कमी.

९. चष्मा आणि हातमोजे घाल, जवळपास विडी-काडी नको — एसीतला गॅस उणे २५ अंशांच्याही खाली उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. आणि आर-१२ ज्योतीवर गेला की विषारी धूर होतो.

१०. स्वस्त पडतो म्हणून एलपीजी भरू देऊ नकोस — डॅशबोर्डमागे गळला तर गाडीत बसलेल्यांच्या जिवावर बेतेल.

११. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालव — तेल फिरतं, कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही.

घाईचा गारवा चोर्ला घाटापर्यंत, बाळा. उद्यमबागेतल्या चांगल्या कारागिराला दोन दिवस दे, त्याच्याजवळ उभा राहून काम बघ, आणि गळती बंद झाल्याची खात्री पटल्यावरच गॅस भरायला सांग.