संगणकाचे घड्याळ दोनदा तपासा

चाँदरातीला बीडमधील आमच्या कापड दुकानात दोन संगणकांवर बिले होत होती. मध्यरात्री एकावर तारीख बदलली. दुसरा सात मिनिटे जुन्याच तारखेत राहिला. हिशेबाला बसलो तेव्हा बिलांचा क्रम लागेना.

संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक पडला, तरी वर्षात काही मिनिटे होतात. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तिच्या सर्व्हरला इंटरनेटवरून वेळ विचारता येते. मात्र उत्तर येण्यासही वेळ लागतो. समजा, आपल्या घड्याळाने १०:००:०० ला विचारले, १०:००:०४ ला उत्तर आले आणि त्यात १०:००:१२ ही वेळ आहे. मधला क्षण १०:००:०२ धरावा. म्हणजे आपण सुमारे १० सेकंद मागे.

एका तपासणीवर विसंबू नये. आपोआप होणारी जुळणी बंद ठेवून २४ तासांनी पुन्हा तपासावे. दोन्ही फरकांची वजाबाकी ही घड्याळाची रोजची चूक. मग जुळणी न विसरता सुरू करावी.

व्यापारी बंधूंनो, मीटरपट्टीवर आपण वजनमाप खात्याचा शिक्का पाहतो. घड्याळालाही तोच न्याय लावावा.